कूतचा वेढा : सेनापतीचा ग्रंथ व शिपायांची साक्ष

तोफांचें युद्ध थांबलें कीं लेखण्यांचें युद्ध सुरू होतें, हा अनुभव जुना आहे. विजयी सेनापति लिहितो तो बहुधा कीर्ति पक्की व्हावी म्हणून; पराभूत सेनापति लिहितो तो अपकीर्ति धुऊन निघावी म्हणून. यांतील दुसऱ्या जातीचे ग्रंथ पहिल्यापेक्षां अधिक वाचनीय असतात. कारण त्यांत लेखक सदैव कोणाशीं तरी वाद घालीत असतो, आणि वादांत मनुष्याचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका तो स्वस्तुतींत पडत नाहीं. परंतु असे ग्रंथ वाचतांना वाचकानें एक प्रश्न मनाशीं धरून ठेवला पाहिजे. लेखकानें काय सांगितलें हें तर पाहावेंच, पण काय सांगितलें नाहीं, आणि कोणाविषयीं सांगितलें नाहीं, हेंहि पाहावें. हा प्रश्न न विचारतां युद्धाच्या आठवणी वाचणें म्हणजे एकाच पक्षाचा जबाब ऐकून निकाल देण्यासारखें आहे.

जनरल सर चार्ल्स टाउनशेंड यांचा 'माय कॅम्पेन इन मेसोपोटेमिया' हा ग्रंथ या दृष्टीनें तपासण्यासारखा आहे. तो १९२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. इतक्या जुन्या इंग्रजी ग्रंथाचें परीक्षण मराठी मासिकांत करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें कीं, ज्या सैन्याची ही कथा आहे त्याचें नांवच मुळीं 'सहावी पुणें डिव्हिजन' असें होतें. त्या सैन्यांत १०३वी व ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. नदीवर पूल बांधणारे खडकीच्या बाँबे सॅपर्स अँड मायनर्सचे लोक होते. घांटावरचीं व कोंकणांतलीं जीं माणसें टायग्रिसच्या कांठीं गेलीं, त्यांच्या नशिबाचा हा इतिहास आहे. सेनापतीच्या ग्रंथांत तीं माणसें कोठें आहेत, हें पाहण्याचा अधिकार आम्हांस आहे. किंबहुना तें आमचें कर्तव्य आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. नोव्हेंबर १९१४ मध्यें तुर्कस्तान महायुद्धांत उतरतांच हिंदुस्थान सरकारनें इराणी आखाताच्या टोकाशीं सैन्य उतरविलें आणि त्याच महिन्यांत बसरा घेतलें. आरंभींचा हेतु मर्यादित होता : इराणांतून येणाऱ्या तेलाचें रक्षण करावें व आखातावरील वर्चस्व राखावें. परंतु यश मिळालें म्हणजे हेतूंना पाय फुटतात. एप्रिल १९१५ मध्यें टाउनशेंड यांनीं सहाव्या डिव्हिजनचें आधिपत्य घेतलें. जूनच्या आरंभीं अमारा पडलें, सप्टेंबरच्या अखेरीस कूत पडलें, आणि तेथून शंभरएक मैलांवर असलेलें बगदाद सर्वांस दिसूं लागलें. गॅलिपोली येथें इंग्रजांची नाचक्की होत होती. ती भरून काढण्यास बगदादसारखें नांवाजलेलें शहर हवें होतें. मेसोपोटेमियांतील मुख्य सेनापति सर जॉन निक्सन यांनीं आग्रह धरला, लंडनच्या मंत्रिमंडळानें संमति दिली, आणि एक डिव्हिजन बगदादच्या वाटेस लागली.

ता. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं टेसिफोन येथें गांठ पडली. सुमारें साडेचार हजार माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. पुढें जाणें अशक्य झालें व डिव्हिजन माघार घेत ता. ३ डिसेंबर रोजीं कूतला परतली. कूत हें गांव टायग्रिसच्या एका वांकणांत वसलेलें. तीन बाजूंस पाणी व चौथ्या बाजूस तुर्कांचे खंदक. त्या वेढ्यांत सैन्य पांच महिन्यांच्या सुमारास राहिलें. सोडवणुकीसाठीं बाहेरून आलेल्या सैन्यानें शेख सअद, हन्ना, दुजैला, सन्नय्यत अशा एकामागून एक लढाया दिल्या. त्यांत तेवीस हजारांच्या घरांत माणसें कामास आलीं वा जायबंदी झालीं. म्हणजे ज्यांना सोडवावयाचें त्यांच्याहून अधिक. अखेर ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत शरण गेलें. त्या दिवशीं २७७ गोरे अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे शिपाई, ६,९८८ हिंदी शिपाई आणि ३,२४८ हिंदी नोकरवर्ग, मिळून १३,३०९ माणसें तुर्कांच्या हातीं पडलीं. हे आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावे. सेनापतीच्या ग्रंथाशीं ताळा पाहतांना त्यांचा उपयोग होईल.

आतां ग्रंथाकडे वळूं. न्यायबुद्धीनें पाहिल्यास त्याचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. टाउनशेंड हे व्यासंगी सेनापति होते. नेपोलियनच्या मोहिमांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, व प्रत्येक हालचालींत युद्धशास्त्राचा कोणता नियम पाळला गेला किंवा मोडला गेला हें ते बारकाईनें सांगतात. अमारा घेतांना पुराच्या पाण्यांतून देशी होड्या हांकारीत सैन्य कसें पुढें नेलें, कूतच्या पहिल्या लढाईंत शत्रूला एका तीरावर भुलवून दुसऱ्या तीरावर कसा हल्ला चढविला, हीं वर्णनें स्पष्ट व चटकदार आहेत. वेढ्यांत त्यांनीं आपल्या सैन्यासाठीं जीं निवेदनें काढलीं तींहि मननीय आहेत. सैन्य कोठें अडलें, मदत कां पोंचली नाहीं, धान्य किती उरलें, हें साध्या शिपायास सरळ भाषेंत सांगण्याची रीत त्या काळीं विरळ होती. गोरे शिपाई त्यांच्यावर प्रेम करीत, याचें कारण या स्पष्टपणांत असावें.

ग्रंथाचा मुख्य मुद्दाहि खोटा नाहीं. एका डिव्हिजननें बगदादवर चालून जाणें हा अविचार आहे, पाठीमागें नदींतील आगबोटी अपुऱ्या आहेत, कुमक नाहीं, असा इशारा त्यांनीं वेळेवर दिला होता. पार्लमेंटनें नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्यें बाहेर आला, व त्यानेंहि दोषाचा मोठा वांटा निक्सन यांच्या पदरीं घातला. हिंदुस्थानचे सरसेनापति व व्हाइसरॉय यांनाहि त्यानें सोडलें नाहीं. भारतमंत्री ऑस्टेन चेंबर्लेन यांना तर अधिकारपद सोडावें लागलें. म्हणजे बगदादच्या स्वारीपुरता टाउनशेंड यांचा दावा निकालांत निघाला आहे, व तो त्यांच्या बाजूनें निघाला आहे. तेथें आम्हांस वाद घालावयाचा नाहीं.

वाद सुरू होतो तो कूतच्या वेशीपासून. वेढ्यांत अडकणें हा टाउनशेंड यांच्या आयुष्यांतील पहिला प्रसंग नव्हता. १८९५ सालीं चित्रळच्या किल्ल्यांत ते ४६ दिवस वेढले गेले होते, आणि सुटका होतांच एका कॅप्टनाचें नांव सबंध साम्राज्यांत गाजलें. ज्या युक्तीनें एकदां कीर्ति दिली ती मनुष्य सहसा विसरत नाहीं. सैन्य थकलें होतें हें खरें. त्याला आणखी मागें नेणें कठीण होतें हेंहि खरें. आणि कूत धरून ठेवण्यास निक्सन यांची मान्यता होती. तथापि वेढ्यांत राहण्याचा निश्चय केल्यावर सेनापतीचें पहिलें काम धान्य मोजण्याचें. गृहिणीस जें सांगावें लागत नाहीं तें या सेनापतीस उशिरां सुचलें. महिना दोन महिन्यांत अन्न संपेल अशा तारा प्रथम बाहेर गेल्या. त्या तारांनीं धास्तावून सोडवणुकीचें सैन्य पुरतें जमण्यापूर्वींच पुढें लोटलें गेलें, व जानेवारी १९१६ मध्यें हन्नाच्या चिखलांत त्याचा चुराडा झाला. त्यानंतर गांवांतील घरें व कोठारें तपासलीं, धान्याचे सांठे सांपडले, आणि घोडीं खाल्लीं तर ऐंशीहून अधिक दिवस निभाव लागेल असा नवा हिशेब निघाला. हाच हिशेब डिसेंबरांत केला असता तर हन्नाची घाई टळली असती, असें इतिहासकारांनीं पुढें म्हटलें. ग्रंथांत या मुद्द्यावर बचाव आहे, पण समाधान नाहीं.

आणखी एक गोष्ट. त्या वेढ्यांत सुमारें सहा हजार अरब रहिवासी होते. त्यांना वाळवंटांत हांकलून देणें टाउनशेंड यांना क्रौर्याचें वाटलें, व हें त्यांच्या माणुसकीस शोभेसें आहे. पण मग त्यांच्या अन्नाचा व पुढील सुरक्षिततेचा विचारहि त्याच माणुसकींत यावयास हवा होता. शरणागतीनंतर तुर्कांनीं इंग्रजांस साह्य केल्याच्या संशयावरून गांवांतील कित्येकांना फांसावर लटकविलें. दयेचें कृत्य अर्धें करून सोडलें म्हणजे त्याचें फळ कसें होतें याचें हें उदाहरण आहे.

वेढ्याच्या आंतील जें जीवन होतें, त्याची ओळख शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत होत नाहीं, म्हणून दोन शब्द लिहितों. गोऱ्या शिपायास पांढऱ्या पिठाची भाकर मिळे, हिंदी शिपायास आटा मिळे. गोऱ्यांत बेरीबेरीचा रोग पसरला, हिंदी लोकांत तो नव्हता. कारण कोंड्यासह दळलेल्या पिठांत जें सत्त्व असतें तें पांढऱ्या पिठांत नसतें. उलट हिंदी शिपायांचे दांत हलूं लागले, हिरड्यांतून रक्त येऊं लागलें; कारण भाजीपाला नाहीं व घोड्याचें मांस ते खात नव्हते, त्यामुळें स्कर्व्ही झाला. एकाच तटबंदींत दोन तऱ्हेचीं ताटें आणि दोन तऱ्हेचे रोग होते. धान्य होतें तर दळण्यास जातीं पुरत नव्हतीं, म्हणून विमानांतून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलच्या उत्तरार्धांत विमानांनीं सोळा हजार पौंडांहून अधिक अन्नसामग्री कूतवर टाकली. वेढलेल्या सैन्यास आकाशांतून अन्न पोंचविण्याचा हा जगांतील पहिला मोठा प्रयत्न होय. पण तेरा हजार तोंडांपुढें तो दाण्यासारखा होता. शेवटीं ता. २४ एप्रिलच्या रात्रीं २७० टन अन्न भरून 'जुलनार' नांवाची आगबोट शत्रूच्या माऱ्यांतून निघाली. नदींत आडव्या बांधलेल्या तारेच्या दोरास अडकून ती तुर्कांच्या हातीं गेली. तिचे प्रमुख अधिकारी फर्मन व काउली हे दोघेहि मरण पावले व दोघांनाहि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

घोड्याच्या मांसाचा प्रश्न विशेष विचार करण्यासारखा आहे, कारण तेथें सेनापति व शिपाई यांच्यामधली दरी दिसते. हिंदी शिपायांनीं तें मांस नाकारलें. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून तारेनें परवानगी आणविली, तरी पुष्कळांनीं एप्रिल उजाडेपर्यंत त्यास हात लावला नाहीं. टाउनशेंड यांना हा हट्ट वाटला, व हिंदी पलटणींच्या मनोधैर्याविषयीं त्यांच्या तारांत व लेखनांत वारंवार तक्रारीचा सूर लागतो. आम्हांस वाटतें कीं, त्यांना प्रश्नच समजला नव्हता. धर्मशास्त्राच्या परवानगीनें त्या शिपायाची अडचण सुटत नव्हती. त्याची खरी अडचण गांवची पंगत ही होती. उद्यां घरीं परतल्यावर आपल्याला पानावर बसूं देतील काय, मुलीचें लग्न जमेल काय, ही भीति त्याला तुर्कांच्या गोळ्यांहून मोठी होती. कारण गोळीनें तो एकटा मेला असता, बहिष्कारानें सारें कुटुंब मेलें असतें. त्या भीतीचें आम्ही समर्थन करीत नाहीं. तिनें अनेकांचे प्राण घेतले. पण ज्याच्या हातीं दहा हजार हिंदी माणसांचें आयुष्य होतें व ज्यानें हिंदी सैन्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं होतीं, त्यानें ती ओळखावयास नको होती काय? भूक सोसून पहाऱ्यावर उभे राहणाऱ्या माणसास धैर्य नाहीं असें म्हणणें हें सेनापतीच्या निरीक्षणाला भूषणावह नाहीं.

जखमींची कथाहि अशीच झांकली गेली असती. टेसिफोनचे जखमी स्प्रिंग नसलेल्या खेंचरांच्या गाड्यांतून नदीपर्यंत ओढले गेले, व तेथून बोटींत दाटीनें भरून बसऱ्यास पाठविले गेले. 'मेजिदिया' नांवाची अशी एक बोट बसऱ्यास लागली तेव्हां तिची जी अवस्था होती तिचें वर्णन या पानांवर करण्यासारखें नाहीं. मेजर कार्टर नांवाच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरानें तें सत्य कागदावर लिहिलें. वरिष्ठांनीं त्यालाच धमकावलें. पण तो डॉक्टर बधला नाहीं, व त्याचा अहवाल कमिशनपुढें आला. पराक्रम रणांतच होतो असें नाहीं. कधीं कधीं तो एका अहवालावर सही करण्यांतहि असतो.

आतां आम्ही ग्रंथाच्या खऱ्या दोषाशीं येतों. शरणागतीनंतर सेनापति व सैन्य यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टाउनशेंड यांना नौकेनें बगदादकडे नेण्यांत आलें. शुमरान येथें कैद्यांची छावणी होती, तेथून नौका जातांना तीरावरच्या भुकेल्या शिपायांनीं त्यांचा जयजयकार केला. त्यांच्या 'स्पॉट' नांवाच्या कुत्र्यास तुर्क सेनापति खलील पाशा यांच्या सौजन्यानें इंग्रजांच्या छावणींत पोंचविण्यांत आलें, व तो पुढें सुखरूप इंग्लंडांत गेला. स्वतः सेनापति कॉन्स्टँटिनोपलला पोंचले. मार्मारा समुद्रांतील रम्य बेटावर त्यांना घर मिळालें, नोकरचाकर मिळाले, मानाचे पाहुणे म्हणून वागणूक मिळाली. बंदिवासांत असतांनाच १९१७ सालीं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. ऑक्टोबर १९१८ मध्यें तुर्कांच्या तहाचें बोलणें घेऊन तेच मुद्रोस येथील इंग्रज आरमाराकडे गेले, आणि आपण हा तह घडविला असें त्यांनीं अभिमानानें लिहिलें.

शिपायांची वाट दुसरी होती. ते बगदादपर्यंत पायीं हांकले गेले, पुढें सामऱ्यापर्यंत रेल्वेनें, आणि तेथून तिक्रित, मोसल, निसिबीन अशा मार्गानें उन्हाळ्याच्या कहरांत शेंकडों मैल वाळवंटांतून रास-अल-ऐनपर्यंत पुन्हां पायीं. अधिकारी व शिपाई यांची ताटातूट करण्यांत आली, त्यामुळें दाद मागण्यासहि कोणी उरलें नाहीं. जो मागें पडला तो मेला. जे पोंचले त्यांना बगदादच्या लोहमार्गाच्या कामावर जुंपलें, कित्येकांना तॉरस व अमानुस पर्वतांतील बोगद्यांवर. २,५९२ गोऱ्या शिपायांपैकीं १,७०० हून अधिक परत आले नाहींत. म्हणजे दर तिघांत दोघे गेले. हिंदी शिपाई व नोकरवर्ग यांतील सुमारें तीन हजार माणसें मेलीं किंवा त्यांचा पत्ताच लागला नाहीं.

या मृत्यूंना सेनापतीच्या ग्रंथांत जी जागा मिळाली आहे ती फार अपुरी आहे. स्वतःच्या बढतीचा प्रश्न, आपल्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास मिळालेलें पद, आपल्या सूचनांकडे झालेलें दुर्लक्ष, तहांतील आपला वांटा, यांना विस्तार आहे. आणि ज्यांच्या बळावर अमारा व कूत मिळालें त्यांच्या वाळवंटांतील शेवटास विस्तार नाहीं. वाङ्मयदृष्ट्याहि हा दोष घातक आहे. सारा ग्रंथ 'माझी मोहीम' या नांवानें आपल्यापुढें येतो. ज्या पानावर ती मोहीम 'माझी' राहत नाहीं व केवळ 'त्यांची' होते, त्या पानावर लेखकाची लेखणी सुकते. वाचक शेवटचें पान मिटतो तेव्हां त्याला सेनापतीविषयीं पुष्कळ कळलेलें असतें, आणि सैन्याविषयीं फारच थोडें.

यावर प्रामाणिक आक्षेप असा येईल कीं, कैदेंतल्या सेनापतीनें काय करावयास हवें होतें? तुर्कांच्या राज्यांत त्याची आज्ञा कोण पाळणार? आम्ही या आक्षेपाचें वजन कमी लेखीत नाहीं. कदाचित् त्यांच्या रदबदलीनें एकहि प्राण वांचला नसता. तुर्क अधिकाऱ्यांची बेपर्वाई, त्यांच्या स्वतःच्या शिपायांचीहि उपासमार, वाहनांचा अभाव, हीं कारणें त्यांच्या आवांक्याबाहेरचीं होतीं. परंतु १९२० सालीं, लंडनमध्यें, सुरक्षित बसून, कागद समोर असतांना त्यांच्यावर कोणाची सक्ति होती? त्या वेळेपर्यंत वांचलेले कैदी परत आले होते. मेजर सँडीस यांच्यासारख्या त्यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यानें १९१९ सालीं वेढा व बंदिवास यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. आज्ञा देण्याची शक्ति शरणागतीबरोबर जाते. साक्ष देण्याची शक्ति जात नाहीं. आमचा आरोप एवढाच आहे, आणि तो लहान नाहीं. सैन्य शरण गेलें म्हणजे सेनापतीचा अधिकार संपतो, पण त्याचें दायित्व संपत नाहीं. हें सूत्र ज्याला उमगलें नाहीं तो कितीहि निपुण असो, त्याला थोर सेनापति म्हणतां येणार नाहीं.

हें मोजमाप अवास्तव आहे असें कोणास वाटत असेल तर त्यानें जनरल स्लिम यांचा १९५६ सालीं प्रसिद्ध झालेला 'डिफीट इन्टू व्हिक्टरी' हा ग्रंथ शेजारीं ठेवून पाहावा. हे स्लिम तरुणपणीं याच मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत लढले व तेथें १९१७ सालीं जखमी झाले होते. १९४२ सालीं ब्रह्मदेशांतून जी माघार झाली तिची हकीकत सांगतांना ते आपल्या चुका एकेक करून मोजतात, आणि हिंदी व गुरखा शिपायांच्या पायांखालची वाट वाचकास चालावयास लावतात. त्यांना पुढें विजय मिळाला म्हणून त्यांना मोठेपणा परवडला, असें म्हणतां येईल. परंतु पराभवाचीं तीं प्रकरणें वाचून पाहिलीं तर मोठेपणा विजयाच्या आधींपासूनचा होता अशीच खात्री होते.

सेनापतीनें जें लिहिलें नाहीं तें दुसऱ्या कोणी लिहिलें काय? लिहिलें, आणि तें बंगाली भाषेंत लिहिलें गेलें, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर कूतच्या वेढ्यांत होते. शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला, व १९१७ सालीं रास-अल-ऐन येथें बंदिवासांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनीं नातवाचीं पत्रें जमवून 'कल्याणप्रदीप' हें चरित्र १९२८ सालीं प्रसिद्ध केलें. परक्याची भूमि बळकावण्यास जो देशाभिमान शिकवितो त्यांतूनच हा रक्तपात उद्भवतो, असें हा तरुण डॉक्टर त्या वेळीं घरीं लिहीत होता. ज्या साम्राज्याच्या पोशाखांत तो उभा होता त्याविषयीं असें लिहिणें, हें धैर्य नव्हे काय?

दुसरें पुस्तक शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचें 'अभि ले बगदाद'. हे कलकत्त्याचे सुशिक्षित तरुण बंगाल अँब्युलन्स कोअरमध्यें भरती झाले, टेसिफोनला जखमी उचलले, कूतमध्यें वेढले गेले, आणि मग तीच वाळवंटाची वाट चालले. त्यांनीं रोजनिशी ठेविली होती. ती शत्रूच्या हातीं लागूं नये म्हणून पानें फाडून बुटांत लपविलीं व पुढें पुन्हां उतरून काढलीं. त्यावरून सुमारें चाळीस वर्षांनीं हें पुस्तक झालें. आलेप्पोच्या इस्पितळांत काम करतांना भेटलेले तुर्क शिपाई, त्यांच्याशीं झालेल्या गप्पा, आणि वाटेवर पाहिलेले आर्मेनियन लोकांचे हाल, हें सारें त्यांत आहे. सेनापतीच्या ग्रंथांत शत्रु म्हणजे नकाशावरची एक रेघ आहे. या डोली उचलणाऱ्याच्या पुस्तकांत शत्रु हा आपल्यासारखाच घरापासून लांब पडलेला, उपाशी माणूस आहे. एकाच युद्धाचीं हीं दोन चित्रें. कोणतें अधिक खरें, हें वाचकांस सांगावयास नको.

येथें आम्हांस आपल्या घराकडे पाहिल्यावांचून राहवत नाहीं. बंगाली डॉक्टरास पत्रें जपणारी आजी होती, डोलीवाल्यास अक्षरें होतीं. सातारा, रत्नागिरी, पुणें या जिल्ह्यांतून गेलेल्या शिपायांपैकीं बहुतेक निरक्षर. त्यांचीं पत्रें दुसऱ्यानें लिहिलीं, दुसऱ्यानें वाचून दाखविलीं, आणि मधल्या अधिकाऱ्यानें तपासलीं. मग ३,२४८ नोकरवर्गाची तर कथाच सोडा. पाणी वाहणारे भिस्ती, आचारी, डोलीवाले, खेंचरें हांकणारे, ज्यांना आपल्या जुन्या बखरी 'बुणगे' म्हणून एका शब्दांत उडवून लावीत. पानिपतच्या हकीकतींतहि सरदारांचीं नांवें आम्हांस तोंडपाठ असतात. बुणग्यांची मात्र संख्याच तेवढी असते. म्हणजे टाउनशेंड यांना दोष देतांना तो दोष आमच्याहि घरीं नांदतो, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही शौर्यगीतें पुष्कळ केलीं. हिशेब मात्र ठेविला नाहीं.

महाराष्ट्रांत अनेक गांवीं एक लहानशी संगमरवरी पाटी भिंतींत बसविलेली आढळते. या गांवांतून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकीं इतके मृत्यु पावले, एवढाच मजकूर. त्यावर नांवें नसतात. येणारेजाणारे ती पाहतात व पुढें जातात. त्या पाटीवरच्या दुसऱ्या आंकड्यांत कूतचे आणि वाळवंटांतले किती, हें पाटी सांगत नाहीं. सेनापतीचा ग्रंथहि सांगत नाहीं.

तात्पर्य, टाउनशेंड यांचा ग्रंथ वाचावा, जरूर वाचावा. मोहिमेची आंखणी, हुकूम व इशारे यांसाठीं तो महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु तो एकटा वाचूं नये. त्याच्या शेजारीं कमिशनचा अहवाल ठेवावा, सर्वाधिकारी यांची रोजनिशी ठेवावी, मोक्षदादेवींचें पुस्तक ठेवावें. आणि कोणी जाणत्या मराठी लेखकानें हीं दोन्ही बंगाली पुस्तकें आपल्या भाषेंत आणावीं. ज्या वाचकांच्या घरीं पणजोबांचें एखादें पदक, पलटणीचा दाखला किंवा तपासणीचा शिक्का मारलेलें पत्र जुन्या ट्रंकेंत पडलें असेल, त्यांनीं तें बाहेर काढून नांव, गांव व पलटण यांसह टिपून ठेवावें. ३,२४८ या आंकड्यांतील एक माणूस जरी त्यामुळें नांवानिशीं परत आला, तरी या लेखाचे श्रम कारणीं लागले असें आम्ही समजूं.